घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेसकडे नव्याने वळलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, "कुठला घोडा येणार?" खालची बहुतेक उत्तरं दुसऱ्याच प्रश्नाभोवती फिरतात: त्या घोड्यावर मिळणारा भाव त्याच्या खऱ्या शक्यतेच्या मानाने पुरेसा आहे का? जिथे शर्यतीवर पैसे लावणं कायद्याने चालतं, तिथल्या सज्ञान वाचकांसाठीच हे लिहिलं आहे.

रेस खेळून कायम फायद्यात राहता येतं का?

बहुतेकांना नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत) जमा झालेल्या रकमेतून साधारण १५ ते २५ टक्के आधीच कापले जातात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे इतरांइतकंच ज्याला कळतं, तो दीर्घकाळात त्या कपातीएवढा हरणारच. फायद्यात यायचं तर कपात भरून काढून वर काही उरेल इतकं इतरांपेक्षा जास्त कळायला हवं.

असे लोक झालेत. बिल बेंटर आणि अ‍ॅलन वूड्स यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाच्या मदतीने काम केलं. बेंटरने १९९४ मध्ये आपली पद्धत एका लेखात मांडली. त्यातली एक गोष्ट प्रत्येक पंटरने (पैसे लावणाऱ्याने) लक्षात ठेवावी अशी आहे. घोड्यांच्या माहितीवरून काढलेला त्याचा अंदाज एकटा पुरेसा ठरत नव्हता. लोकांनी लावलेल्या पैशांतून तयार झालेला भाव त्यात मिसळल्यावर तो जास्त अचूक झाला. हजारो लोकांचा एकत्रित अंदाज इतका दमदार असतो. तुम्हाला एखादा घोडा बाजाराच्या भावापेक्षा फारच चांगला वाटत असेल, तर आधी स्वतःला विचारा, बाकीच्यांना काय दिसतंय जे मला दिसत नाही?

टोट आणि बुकी यांत खेळण्याच्या दृष्टीने काय फरक पडतो?

बुकीकडे (स्वतः भाव देऊन पैसे घेणाऱ्याकडे) तुम्ही ज्या भावाला पैसे लावता, तोच भाव साधारणपणे तुम्हाला मिळतो. टोटवर शेवटचा भाव शर्यत सुटल्यावरच ठरतो. सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची ही पद्धत जोसेफ ओलेर याने १८६७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केली. पुढे जॉर्ज ज्युलियसने तिच्यासाठी बनवलेलं यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये पहिल्यांदा बसवलं गेलं.

टोटवर आणखी एक गोष्ट होते. तुमचे स्वतःचे पैसेच तुमचा भाव पाडतात. समजा, विनच्या (घोडा पहिला येण्यावर लावलेल्या) रकमेत १,००,००० जमा आहेत, कपात २० टक्के आहे आणि एका घोड्यावर ८,००० लागलेत. वाटायला ८०,००० आहेत, म्हणजे फलकावर दहापट भाव दिसतोय. तुम्ही खूश होऊन त्याच्यावर आणखी ८,००० लावलेत. आता जमा १,०८,०००, वाटायला ८६,४०० आणि त्या घोड्यावर १६,०००. भाव उरला ५.४ पट. टोटवर जमा रक्कम जितकी लहान, तितका हा धोका मोठा. छोट्या टोटवर मोठा डाव लावू नका, हे माझं ठाम मत आहे.

भावावरून शक्यता कशी काढायची?

लावलेल्या १ वर मूळ रक्कम धरून जे परत मिळतं, त्याने १०० ला भागा. २.५० भाव म्हणजे ४० टक्के, ४ म्हणजे २५, ५ म्हणजे २०, ८ म्हणजे १२.५, १० म्हणजे १० आणि २० म्हणजे ५ टक्के. भाव "३ ला १" अशा रूपात लिहिला असेल तर त्यात मूळ रक्कम धरलेली नसते. तिथे आधी १ मिळवायचा, म्हणजे तो ४ होतो.

आता हेच सहा भाव एका शर्यतीतल्या सहा घोड्यांचे आहेत असं धरा आणि टक्के जोडा. बेरीज ११२.५ येते. खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च असू शकते, मग वरचे १२.५ कुणाचे? बुकीचे. बुकीने प्रत्येक घोड्यावर भावाच्या प्रमाणात पैसे घेतले, तर ११२.५ गोळा करून तो १०० वाटेल, कुठलाही घोडा येवो. शर्यत निवडताना ही बेरीज करायची सवय लावून घ्या. १०८ ची शर्यत आणि १३० ची शर्यत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो घोड्यांकडे बघून कधीच कळत नाही.

'व्हॅल्यू' म्हणतात ती काय?

तुमच्या अभ्यासाप्रमाणे एखाद्या घोड्याची शक्यता २५ टक्के आहे आणि भाव ५ मिळतोय. ०.२५ गुणिले ५ म्हणजे १.२५. दर १०० मागे सरासरी १२५ परत यायला हवेत. ही व्हॅल्यू. त्याच शर्यतीतला २.५० चा फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचा घोडा) तुमच्या मते ३५ टक्के वेळा जिंकेल, तर ०.३५ गुणिले २.५० म्हणजे ०.८७५. जिंकण्याची शक्यता त्याचीच जास्त, तरी त्याच्यावर पैसे लावणं तोट्याचं.

२८ सप्टेंबर १९९६ रोजी इंग्लंडमधल्या अ‍ॅस्कॉटला जॉकी फ्रँकी डेटोरीने दिवसातल्या सातही शर्यती जिंकल्या. सातव्या शर्यतीतला त्याचा घोडा फुजियामा क्रेस्ट. सकाळी त्याचा भाव १२ ला १ होता. सहा विजयांनंतर लोक त्याच्यावर तुटून पडले आणि शर्यत सुटताना तो २ ला १ वर आला. भावाच्या भाषेत शक्यता सुमारे ८ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेली. जॉकीने आधीच्या सहा शर्यती जिंकल्या म्हणून सातव्या शर्यतीतल्या घोड्याचे पाय चौपट वेगवान होत नाहीत. घोडा आला, पण म्हणून २ ला १ हा भाव चांगला ठरत नाही. डाव बरोबर होता की चूक, हे निकालावरून ठरवायची सवय मोडायला वेळ लागतो. पण ती मोडल्याशिवाय पुढचं काहीच नीट जमत नाही.

दर वेळी फेव्हरिटच खेळला तर?

फेव्हरिट साधारणपणे तीनातली एक शर्यत जिंकतो, त्यामुळे वरचेवर जिंकल्याचं समाधान मिळेल, पण हिशेब तोट्यातच जाईल. फक्त तो तोटा कमी असेल. लोक लहान शक्यतांवर जास्त पैसे लावतात आणि मोठ्या शक्यतांवर कमी, हे ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकन शर्यतींच्या आकड्यांवरून दाखवलं. पुढे अनेक देशांत तेच आढळलं, हाँगकाँगसारखे काही अपवाद वगळता. म्हणून डोळे मिटून खेळायचंच असेल तर फेव्हरिटवर हळू हराल आणि ५० पट भावाच्या घोड्यांवर वेगाने.

मोठ्या भावाचे घोडे कधीच खेळू नयेत का?

कारण असेल तर खेळा. २०२२ च्या केंटकी डर्बीत ८० ला १ चा रिच स्ट्राइक जिंकला, हे सगळ्यांना आठवतं. त्याच भावाचे जे शेकडो घोडे मागे राहिले, त्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत. घोडा पहिल्यांदाच योग्य अंतरावर धावतोय, मैदान ओलं झालंय आणि त्याला ओलंच आवडतं, असं काही बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. "भाव किती मोठा आहे बघा" हे कारण होत नाही.

फॉर्म (घोड्याच्या मागच्या धावांची नोंद) वाचताना आधी काय पाहावं?

नावासमोरचे १-४-२-६ हे आकडे सगळेच पाहतात, म्हणून भावात ते आधीच आलेले असतात. त्यामागे काय घडलं, ते पाहा.

पहिली गोष्ट वर्ग. वरच्या वर्गात सहावा आलेला घोडा खालच्या वर्गात उतरला की अनेकदा तिथल्या विजेत्यापेक्षा सरस असतो. दुसरी गोष्ट, किती मागे राहिला. एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या लांबीएवढं, सुमारे २.४ मीटर अंतर. धावत्या घोड्याला त्यासाठी सेकंदाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. दीड लेंग्थने सहावा आणि पंधरा लेंग्थने दुसरा यांत मी पहिल्याला जास्त मान देईन. तिसरी गोष्ट, शर्यत कशी झाली. चित्रफीत पुन्हा लावा आणि फक्त एकाच घोड्यावर नजर ठेवा. सुटताना अडखळला का? वळणावर बाहेरून तीन-चार घोड्यांना वळसा घालावा लागला का? शेवटच्या टप्प्यात पुढे भिंत होऊन जॉकीला लगाम खेचावा लागला का? अशा घोड्याच्या नावापुढे '५' लागतो, पण त्याची धाव पाचव्या क्रमांकाची नसते. बहुतेक पंटर आकडा पाहून पुढे जातात. तुम्ही थांबलात तर तिथेच काहीतरी हाती लागतं.

दोन वर्षांच्या घोड्यांबाबत आणखी एक. उत्तर गोलार्धातल्या थरोब्रेड घोड्यांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी मानतात. जानेवारीत जन्मलेलं आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं असतं. त्या कोवळ्या वयात चार महिन्यांचा फरक पायांत दिसतो, आणि उशिरा जन्मलेला घोडा मोसमाच्या शेवटाकडे झपाट्याने सुधारू शकतो.

शर्यतीचा वेग इतका महत्त्वाचा का मानतात?

अमेरिकेतली १९७३ ची बेलमाँट स्टेक्स ही शर्यत घ्या. सेक्रेटेरिएट ३१ लेंग्थने जिंकला, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, हे प्रसिद्ध आहे. मला त्यातला शॅम जास्त शिकवतो. आधीच्या दोन्ही मोठ्या शर्यतींत सेक्रेटेरिएटच्या पाठोपाठ दुसरा आलेला हा उत्तम घोडा. बेलमाँटमध्ये तो सुरुवातीपासून सेक्रेटेरिएटच्या बरोबरीने पळाला, तो वेग त्याला पेलला नाही आणि पाच घोड्यांत तो शेवटी आला. नुसता निकाल वाचणाऱ्याला वाटेल की शॅम संपला.

म्हणून शर्यतीआधी प्रत्येक घोडा पुढून पळतो, मधून पळतो की मागून येतो, याची खूण करून ठेवा. पुढून पळणारे तीन-चार असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. पुढून पळणारा एकटाच असेल तर तो आपल्या सोयीच्या वेगाने शर्यत नेतो आणि शेवटी कुणाच्या हाती लागत नाही. असा एकटा पळणारा ओळखणं हे नव्या अभ्यासकाला जमण्यासारखं काम आहे. सुरुवात इथूनच करा.

जाता जाता, त्या दिवशी सेक्रेटेरिएटचा भाव १ ला १० होता. म्हणजे १०० लावून १० मिळवायला त्याने ११ पैकी किमान १० वेळा जिंकायला हवं होतं. इतका थोर घोडासुद्धा भाव पाहूनच खेळायचा.

वजनाने खरंच फरक पडतो?

पडतो. मॅन ओ' वॉर आयुष्यात २१ शर्यती धावला आणि एकच हरला, १९१९ मध्ये साराटोगाला. त्या दिवशी त्याच्यावर १३० पौंड होते आणि त्याला हरवणाऱ्या अपसेटवर ११५. सुरुवातही त्याला खराब मिळाली होती, त्यामुळे सगळा दोष वजनाचा नाही. हँडिकॅप शर्यतींत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न असतो. ढोबळ हिशेबाने मैलाच्या शर्यतीत सुमारे दोन पौंड म्हणजे एक लेंग्थ धरतात. छोट्या अंतरावर जास्त पौंड लागतात, लांब अंतरावर कमी. शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनाची सूटही यात मोजा.

ड्रॉ आणि मैदान?

छोट्या, वळणदार ट्रॅकवर ड्रॉ (सुटताना मिळालेली गेटची जागा) फार जड जातो. इंग्लंडमधल्या चेस्टरचा ट्रॅक जेमतेम मैलभराचा आणि जवळजवळ सतत वळणारा आहे. तिथे पाच फर्लांगाच्या शर्यतीत आतल्या गेटमधून सुटणाऱ्याला मोठा फायदा असतो, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्याने भावही तसाच कमी होतो. सरळ, लांब ट्रॅकवर ड्रॉचा परिणाम मैदान कुठल्या बाजूला घट्ट आहे यावर ठरतो. त्या दिवसाच्या पहिल्या दोन शर्यती पाहून ते कळतं. ओल्या मैदानाबद्दल एकच सांगतो: पूर्वी ओल्यात चांगला पळालेला घोडा हाच विश्वासू पुरावा. बाकीचे तर्क कच्चे.

पॅडॉकमध्ये काय पाहायचं?

पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा. तिथे घोडा सावकाश चालत असताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडतो का पाहा. चाल मोकळी असल्याची ती खूण. कातडीवर तकाकी आहे का, मागच्या बरगड्यांवर चरबी आहे का. मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, सतत झटकलेली शेपटी, मोतद्दाराला ओढत नेणं, हे सगळं ताकद शर्यतीआधीच खर्च होत असल्याचं लक्षण. पण काही घोडे रोजच असे वागतात आणि तरी जिंकतात. म्हणून शेजारच्या घोड्याशी तुलना करून भागत नाही. त्याच घोड्याला मागच्या वेळी पाहिलं असेल तर आजचा बदल अर्थपूर्ण ठरतो.

एका डावावर किती लावावं?

आधी अशी रक्कम बाजूला काढा जी पूर्ण गेली तरी घरखर्चाला, कर्जाच्या हप्त्याला धक्का लागणार नाही. तिचे १०० भाग करा आणि एका डावावर एक भाग लावा. सुरुवातीला एवढंच पुरे.

पुढे जायचं असेल तर बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेलं सूत्र आहे. निव्वळ भाव गुणिले जिंकण्याची शक्यता, त्यातून हरण्याची शक्यता वजा, भागिले निव्वळ भाव. वरच्या उदाहरणात मूळ रक्कम वगळून भाव ४ आणि शक्यता २५ टक्के: १ वजा ०.७५ म्हणजे ०.२५, त्याला ४ ने भागून ०.०६२५. म्हणजे भांडवलाच्या सव्वासहा टक्के. हे फार वाटतं ना? खरोखर फारच आहे, कारण ते २५ टक्के तुमच्या अंदाजातून आलेत. खरी शक्यता २० टक्के असेल तर तेच सूत्र शून्य लावायला सांगतं. आपला अंदाज इतका पक्का कधीच नसतो, त्यामुळे सूत्राच्या एक चतुर्थांशापुढे जाऊ नये असं मी सांगेन.

हरल्यावर दुप्पट लावून भरून काढता येतं?

नाही. १०० पासून सुरू करून दर हारीला दुप्पट करत गेलात तर सलग दहा हारींनंतर १,०२,३०० गेलेले असतात आणि पुढचा डाव १,०२,४०० चा असतो, तोही सुरुवातीचे १०० मिळवण्यासाठी. २० टक्के वेळा जिंकणाऱ्या माणसाला सलग दहा हारी ही नेहमीची गोष्ट आहे. पाचशे डावांत सलग वीस हारी एकदा तरी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे.

विन की प्लेस?

ब्रिटिश पद्धतीत 'ईच-वे' म्हणजे निम्मे विनवर, निम्मे प्लेसवर (घोडा पहिल्या काही जागांत येण्यावर). आठ घोड्यांची साधी शर्यत असेल तर पहिल्या तीन जागा आणि निव्वळ भावाचा पाचवा हिस्सा. १० भावाच्या घोड्यावर १००-१०० लावले आणि तो तिसरा आला, तर २८० मिळतात, म्हणजे ८० फायदा. एक घोडा मागे घेतला गेला आणि सातच उरले की जागा दोनच होतात, तेव्हा यादीकडे लक्ष ठेवा. हा प्रकार खुलतो तो आठच घोडे असतील, त्यांतले तीन-चार अगदीच दुबळे असतील आणि एक फेव्हरिट फार वरचढ असेल तेव्हा. सोळा तुल्यबळ घोड्यांत मात्र विचार करूनच लावा.

जॅकपॉट, ट्रेबल, अ‍ॅक्युम्युलेटर?

या प्रकारांत अनेक शर्यती एकाच डावात जोडतात. बुकीकडे चार शर्यती जोडल्या की त्याचा नफाही चार वेळा जोडला जातो. प्रत्येक शर्यतीची बेरीज ११२.५ असेल तर एकेका डावात सरासरी ८९ टक्के परत येतात, चार जोडले की ६२. टोटवरच्या जॅकपॉटमध्ये कपात मोठी असली तरी एकदाच होते, शिवाय आधीच्या दिवशी न जिंकलेली रक्कम पुढे आलेली असते. ती रक्कम भरपूर असेल त्या दिवशी खेळण्यात अर्थ आहे, एरवी नाही.

आतली टिप मिळाली तर?

ती तुमच्यापर्यंत पोहोचली म्हणजे आणखी बऱ्याच जणांपर्यंत पोहोचली, आणि भाव आधीच उतरलाय. पैसे घेऊन टिपा विकणाऱ्यांना एकच विचारा: कुठल्या भावाला, किती डाव, हारींसकट सगळे दाखवता का? दाखवत नसतील तर चालते व्हा.

हे हाताबाहेर चाललंय हे कसं ओळखायचं?

घरच्यांपासून रक्कम लपवणं, गेलेले पैसे त्याच दिवशी परत आणायची घाई, उसने घेऊन लावणं, न खेळता चैन न पडणं. यांतलं एक जरी असलं तरी भाव, फॉर्म, सूत्रं सगळं बाजूला ठेवा आणि खेळणं बंद करा. पैसे लावायच्या खात्यांवर स्वतःला बंदी घालून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती वापरा. घरातल्या एका माणसाला खरं सांगा आणि समुपदेशकाला भेटा. अभ्यास वाढवून यातून बाहेर पडता येत नाही.

आपल्याला जमतंय की नशीब आहे, किती डावांनी कळतं?

अपेक्षेपेक्षा फार उशिरा. सरासरी ५ भावाला खेळत असाल तर ४०० डावांनंतरही निव्वळ योगायोगाने निकाल १० टक्के वर किंवा खाली सहज जातो. खरा फायदा ५ टक्के असेल तर तो योगायोगापासून नीट वेगळा दिसायला सहा हजारांच्या वर डाव लागतात. म्हणून नोंदवहीत फक्त हार-जीत लिहू नका. तुम्ही घेतलेला भाव आणि शर्यत सुटतानाचा भाव, दोन्ही लिहा. सुटतानाच्या भावात सगळ्यांची माहिती उतरलेली असते. तुम्ही ६ ला घेतलेले घोडे सुटताना वारंवार ५ वर येत असतील, तर हरत असूनही तुमचा अभ्यास बरोबर दिशेने आहे. ६ ला घेतलेले ८ वर जात असतील, तर सध्या जिंकत असलात तरी डाव छोटे करा. ही तुलना शंभरेक डावांतच बोलू लागते, आणि कागदावर, एकही पैसा न लावता करता येते.